काकांनी सांभाळलेल्या ओळी

आई,

आज रविवार. बाबा बाहेरच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन झोपलेत. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्याच लिहिते आहे, कारण खुर्चीवर बसलं की लगेच उठावंसं वाटतं. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आता माझी पीएचडी संपत आली आहे, तुझ्याच कॉलेजात, तुला ज्यांनी शिकवलं त्याच सरांच्या हाताखाली. इतक्या वर्षांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण सकाळी मी एक फोन केला आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. तो कशाचा होता हे सांगायचं तर आधी बरंच सांगावं लागेल. तुला घाई नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

माझ्या दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत नावापुरतीच होते. माझी शाळा म्हणजे हा ओटा. तू सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचीस, हातपाय धुवायचीस, आणि मला स्टुलावर उभी करायचीस. एका वाटीत मिठाचं पाणी, एकीत तुरटीचं, एकीत विरजण न लावलेलं दूध. तू त्यांत लिंबू पिळायचीस आणि काय बदललं ते मी सांगायचं. मी भित्री होते. चुकू नये म्हणून आधी तुझ्याकडे बघायचे. तुझ्या भुवया जरा वर गेल्या की उत्तर फिरवायचे. एकदा तू ते पकडलंस आणि माझी हनुवटी धरून मान खाली वळवलीस. ‘‘माझ्या तोंडाकडे नको बघूस. वाटीकडे बघ. वाटीला माझं तोंड माहीत नाही.’’ मला रडू आलं होतं. तू डोळे पुसले नाहीस, वाटी मात्र जवळ सरकवलीस.

तुमच्या कंपनीतला एक दसरा मला अजून दिसतो. औषधाची कंपनी, सगळीकडे तो कडवट वास, आणि सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा. मला नवा फ्रॉक घालून तू नेलं आहेस. लॅबमधले शिपाईमामा हळदीकुंकवाचं ताट घेऊन वजनकाट्यापाशी येतात आणि तू मध्ये उभी राहतेस. ‘‘टेबलाला लावा. काट्याला बोट लावायचं नाही.’’ ते म्हणतात, ‘‘बाई, वर्षातून एकदा तरी देवाला आत येऊ द्या.’’ तू म्हणतेस, ‘‘येऊ दे की. आधी वजन करून घेऊ.’’ सगळे हसतात, आणि हसता हसता एकजण हळूच म्हणतो, ‘‘नडते लय.’’ तो शब्द मला तेव्हा कळला नव्हता. तुझा चेहरा बदलला तेवढं दिसलं.

त्याच कंपनीत पुढे तू एक बॅच अडवलीस. गोळ्या पाण्यात विरघळायला हव्या तितक्या लवकर विरघळत नव्हत्या, गाडी दारात उभी होती, आणि तू सही केली नाहीस. हे मला बाबांशी चाललेल्या तुझ्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मग तुला लॅबमधून काढून स्टोअरला बसवलं. घरी तू भाजी फार बारीक चिरायचीस, एवढंच. मी मात्र मनाशी पक्कं धरलं होतं की माझी आई कुणाला भीत नाही. कॉलेजात विज्ञान घेतलं तेही त्याच जोरावर.

कॉलेज तसं फारसं बदललेलं नाही. सर म्हणतात, सातपूर-अंबडच्या कुठल्याही लॅबमध्ये जाऊन हाक मारली तर आपल्याकडचं कुणीतरी वळून बघेल. खरंच आहे ते. कंपन्यांचे लोक दुपारी डबा घेऊन आमच्या डिपार्टमेंटला येतात, बाटलीत काहीतरी गढूळ आणतात आणि विचारतात, ‘‘सर, हे असं का होतंय?’’ सर ते एखाद्या विद्यार्थ्याला देतात. विद्यार्थ्याला विषय मिळतो, कंपनीला उत्तर मिळतं, आणि पुढे बहुतेक वेळा त्याच विद्यार्थ्याला तिथेच नोकरी. पेठ, सुरगाणा, येवला, कुठून कुठून मुलं येतात ती एवढ्यासाठीच. मलाही विषय असाच मिळाला. द्राक्षावरच्या डावणीचा, म्हणजे बुरशीच्या रोगाचा. पानावर तेलकट डाग पडतात, मग घड कुजतो, आणि बागाईतदार घाबरून एकावर एक विषारी औषधं मारत राहतात. पेठकडच्या रानवेलींच्या पानांवर एक जिवाणू सापडला, तो या बुरशीला वाढू देत नाही. ती पानं माझ्या ज्युनिअरने आणली, तिच्या गावामागच्या डोंगरातून. तिच्या घरातली एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिची आई दर हिवाळ्यात निफाडकडे द्राक्षाच्या कामाला येते आणि औषध मारलेल्या बागेत दिवसभर उभी राहते. ती मला म्हणायची, ‘‘ताई, आपलं जमलं ना, तर माझी आई खोकायची थांबेल बघा.’’

लॅबमध्ये जमलं. मग बागेत बघायचं ठरलं. अंबडच्या ज्या कंपनीने पैसे घातले होते तिथल्या मॅनेजर मॅडमनी बाग मिळवून दिली. त्याही आमच्याच डिपार्टमेंटच्या. बागेचे मालक म्हणजे काका, निफाडकडचे, वयाने बाबांएवढे. मी ओळींना फिती बांधल्या. निळ्या फितीच्या ओळींवर फक्त आमचं औषध. पिवळ्या फितीच्या ओळींवर काहीच नाही, म्हणजे फरक कळावा. मी त्यांना तीन-तीनदा समजावलं, ‘‘काका, पिवळ्या खराब झाल्या तरी हात लावायचा नाही हं. त्या खराब व्हायला हव्यात.’’ ते म्हणाले, ‘‘आपल्या हातानं बाग जाळायची म्हनता. बरं, तुमच्यासाठी तेबी.’’

डिसेंबरात दाट धुकं पडलं. मला धाप लागली आणि बरेच दिवस मी बागेत जाऊ शकले नाही. गेले तेव्हा पिवळ्या ओळींत घड काळे पडून गळत होते आणि निळ्या ओळी हिरव्यागार. आई, मी तिथे मातीतच बसले. ज्युनिअरला फोन केला तर ती ओरडलीच. सरांनी सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. कंपनीने ठरवलं, ऑक्टोबरच्या छाटणीला औषध बाजारात आणायचं. येत्या मंगळवारी कॉलेजशी करार, मला आणि ज्युनिअरला तिथेच नोकरी, आणि पुढच्या मुलांसाठी दरवर्षी काही जागा. सर यंदा निवृत्त होतायत. हे त्यांचं शेवटचं काम.

गुरुवारी मी काकांना मंगळवारच्या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला गेले. काकूंनी पोहे केले. काका ओसरीवर बसून मला म्हणाले, ‘‘आता काम झालं म्हनून सांगतो ताई. त्या धुक्यात तुमच्या निळ्या ओळींवर डाग दिसाया लागलेला.’’

मी म्हटलं, ‘‘मग?’’

‘‘मग काय? फवारणीचा ब्लोअर काढला अन् एक हात मारून घेतला, आमच्या नेहमीच्या औषधाचा. पोरगी आजारी पडलीय, तिची परीक्षा हाय, अन् मी बांधावर बसून बघत ऱ्हाऊ का? पिवळ्याला नाय हात लावला हां. त्या खराब व्हायला पाह्यजे म्हनले होते ना तुम्ही.’’

काकू आतून म्हणाल्या, ‘‘दोनदा मारला. एकदा मारून झोप येईना यांना.’’

ते माझ्याकडे बघत होते. मी खूश झाले का, ते बघत होते. मी हसले असेन बहुतेक. पोहे संपवले. परत येताना बसमध्ये मला श्वास घेता येत नव्हता आणि दम्याचा पंप पर्समध्येच आहे हे बराच वेळ आठवलं नाही. निळ्या ओळी आमच्या औषधाने तगल्या की काकांच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण काकांना काय बोलणार? पिवळ्या ओळींनी खराब व्हायचं, हे मी त्यांना सांगितलं होतं. निळ्याही खराब होऊ शकतात आणि झाल्या तर त्यांनाही तसंच सोडायचं, हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मलाच ते नको होतं, म्हणून असेल.

शुक्रवारी मी कुणाला काही बोलले नाही. नुसती घाबरत राहिले. सांगितलं तर करार जाईल, ज्युनिअरची नोकरी जाईल, सर रिकाम्या हाताने घरी जातील, आणि काकांचं नाव झालं तर कुणी बागाईतदार पुन्हा कॉलेजच्या पोरांना बांधावर उभं करणार नाही. नाही सांगितलं तर धुकं पुढच्या हिवाळ्यातही पडेल, आणि कुणीतरी आमच्या बाटलीवर विसंबून दुसरं काही मारणार नाही. मी डोळे मिटले की मला तशाच काळ्या पडलेल्या घडांच्या ओळी दिसायच्या, फिती नसलेल्या, पार क्षितिजापर्यंत.

शनिवारी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘लॅबचे निकाल तर खरे आहेत ना? मंगळवारी तेवढेच मांड. बागेचं कुणी विचारलं तर सांग, अजून एक हंगाम बघायचाय.’’

‘‘सर, बाटल्या तर ऑक्टोबरमध्येच येणार.’’

त्यांनी बेसिनकडे बोट केलं. म्हणाले, ‘‘तुझी आई तिथे उभी राहून रडली होती. ती बॅच अडवायच्या आदल्या दिवशी. मला विचारायला आली होती, सही नाकारायची भीती वाटते म्हणून. मी तिला सांगितलं, एवढं ताणू नकोस, सोडून दे. त्या वर्षी माझे विद्यार्थी तिथे नोकरीला लागायचे होते.’’

‘‘मग?’’

‘‘ऐकलं नाही तिने. एकही मुलगा घेतला नाही त्यांनी.’’

‘‘आणि पुढच्या वर्षी?’’

‘‘पुढच्या वर्षीही नाही. मग केव्हातरी परत सुरू झालं.’’ त्यांनी चष्मा लावला. ‘‘मी तुला सांग असंही म्हणत नाही आणि नको असंही म्हणत नाही. एकदा सल्ला देऊन बघितलाय मी.’’

तू रडली होतीस, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी इतकी वर्षं तुझ्या न भिण्यावर भरवसा ठेवून चालले आणि तू भ्यालेलीच होतीस. याने धीर यायला हवा होता. उलट आणखीच भीती वाटली. निदान एकजण तरी न घाबरता उभं राहिलं होतं, असं वाटायचं. आता तेही नाही.

आज सकाळी मॅडमना फोन केला. रिंग वाजत राहावी, त्यांनी उचलूच नये, असं वाटत होतं. त्यांनी लगेच उचलला. ‘‘बोल गं, रविवारी काय? भाषण पाठ करतेयस का?’’

मी म्हटलं, ‘‘मॅडम, बागेचे आकडे धरता येणार नाहीत. निळ्या ओळींवर दुसरंही औषध पडलंय.’’

‘‘कुणी मारलं?’’

‘‘माझ्या देखरेखीत राहून गेलं.’’

‘‘मी विचारलं, कुणी मारलं.’’ मी नाव सांगितलं नाही. त्यांनीच ओळखलं. मग म्हणाल्या, ‘‘काकांनीच. अरे देवा. जीव लावतात ना ते सगळ्यांना.’’ मागे कुकरची शिट्टी झाली. ‘‘मंगळवारचं होत नाही असं समज. ऑक्टोबर तर गेलाच. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघते. तुझ्या आणि त्या दुसऱ्या मुलीच्या जागेचं मी आता काही बोलू शकत नाही.’’

‘‘मॅडम, तिचा यात काहीच दोष नाही.’’

‘‘माहितीय गं मला. पण जागा औषधासाठी होत्या, तुमच्यासाठी नव्हत्या.’’ फोन ठेवताना म्हणाल्या, ‘‘सांगितलंस ते बरं केलंस,’’ पण आवाजात बरं काही नव्हतं.

उद्या सकाळी ज्युनिअरला सांगायचं आहे. ती कार्यक्रमासाठी साडी आणायला गावी गेली आहे, तिच्या आईलाही घेऊन येणार होती. काकांचे दोन फोन येऊन गेले, ते मी उचलले नाहीत. मंगळवारी कोणता सदरा घालू, एवढंच विचारायचं असेल त्यांना. हे पत्र कुठे पाठवणार? बाबा उठायच्या आत फाडून टाकीन बहुतेक. पण तुझ्यापाशी एवढं तरी कबूल करते. मी योग्य केलं म्हणून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. काकांनी मला ते सांगितलंच नसतं तर किती बरं झालं असतं, असंच मला अजून वाटतं आहे.