अवधपुरीतलं जेवण

४ नोव्हेंबर, सोमवार
पोचले भोपाळला! कंपनीनं नाशिकहून पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलंय, इथल्या कारखान्यातले पंप तपासायला. हॉटेल अवधपुरीत, कारखान्याला लागूनच. खोली ऐसपैस, चादरी स्वच्छ. निनादला लगेच फोटो पाठवले, नवरोबा जळले. सकाळी नाक्यावर पोहे-जिलेबी खाल्ली, मजा आली. हॉटेलच्या हॉलमधल्या संध्याकाळच्या जेवणानं मात्र पार निराशा केली. पनीर, डाळ, पोळी, कशालाच चव नाही. ओला कापूस चावतोय असं वाटलं. बाकीचे मात्र मान खाली घालून भराभर जेवत होते. शेजारच्या टेबलावर नागपूरचे प्रभाकरकाका होते. मराठी ऐकून खूश झाले. म्हणाले, "बेटा, हे जेवण आवडायला लागलं ना, तर त्याच दिवशी निघून जा." मी हसले.

५ नोव्हेंबर
एका पंपाला गळती निघाली, काम लांबलं. बाहेर जेवायचं ठरवलं होतं, पण थकले होते. आज डाळ बरी होती. खरं सांगायचं तर फारच छान. दोनदा मागून घेतली. काकांना विचारलं, इथे कशासाठी आलात? ऑडिटला, म्हणाले. कधी आले, ते त्यांना आठवेना. मग माझ्या रिकाम्या वाटीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

६ नोव्हेंबर
कारखान्यातल्या गौरांगनी दुपारी नेहरू नगरला घरी जेवायला नेलं. मंजूषावहिनींनी भरली वांगी केली होती. पहिलाच घास मातीसारखा लागला. गिळता येईना. मोरीत जाऊन ओकले. वहिनींचा चेहरा बघवेना. हॉटेलवर परतले तर माझं ताट वाढून तयार. मी काही मागवलं नव्हतं. सगळं संपवलं.

७ नोव्हेंबर
काम झालं. दुपारीच स्टेशनवर गेले. भूक अशी पेटली की उभं राहवेना. बिस्कीट तोंडात टाकलं, खडूचा भुगा. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा त्याच हॉलमध्ये बसले होते, तोंडात घास. मॅनेजरसमोर रडले, मला जाऊ द्या म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, "मैडम, आपको किसने रोका है? और चावल लेंगी?"
घेतला.

८ नोव्हेंबर
काका आता ओळख दाखवत नाहीत. नुसते जेवतात. निनादला फोन केला. येऊ नकोस म्हटलं, पुन्हा पुन्हा. माझा आवाज ऐकूनच घाबरला. निघालाय.

९ नोव्हेंबर
आला. मला घेऊन लगेच निघणार होता. पण प्रवासात काही खाल्लं नाही म्हणे — दोन घास खाऊ आणि जाऊ. सगळं सांगितलं त्याला. ताप बघितला माझा. डॉक्टरकडे नेतो म्हणाला.
हात धुवायला गेलाय. त्याचं ताट आलंय. फेकून द्यायला उचलणार होते — नाही उचललं. एका हातानं हे लिहितेय, माझाच दुसरा हात भात कालवतोय, त्याला आवडतो तसा, मऊ — थांबत नाहीये हात — तो येतोय, हसतोय — निनाद, नको, तोंड उघडू न