पाठमोरी

आये, तुला अक्षर येत नव्हतं आणि मलाही येत नाही, तेव्हा या पत्रात शहाणी कोण असेल तर मधे बसलेली माझी नात. मी बोलते, ती मोबाईलवर टाइप करते. भांडुपच्या या घरात सध्या आम्ही दोघीच. तिचे आईबाप रिटायर होऊन गावी घर बांधत बसलेत, आणि ही आठवडाभर ऑफिसात नि रविवारी कॅमेऱ्यात. "हे पण लिहू?" म्हणते. लिही बाई, तुझीच गाऱ्हाणी आहेत.

आधी तिच्याकडे खिशात मावणारा कॅमेरा होता. दिवाळीला पहिला मोठा आला, डीएसएलआर म्हणतात त्याला. मी हळदकुंकू लावलं आणि म्हटलं, चला, खर्च आटपला. कसला आटपतोय! कॅमेरा म्हणजे नुसती नवरी गं, वऱ्हाड मागून येतं. माणसांसाठी एक लेन्स, मग पक्ष्यांसाठी दुधीभोपळ्याएवढी लांब. प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग. तेवढ्यात नवा फ्रिज आला असता. मी म्हणते, "एवढा पैसा घालून लांबचं बघायचं, मग जवळच्याला कोण बघणार?" ती हसते आणि पहाटे गोराईला जाते, बगळे बघायला. मग मी एका माणसाचा कुकर लावते. आमटी दोघींची करते, सवयीने, आणि रात्री तीच परत गरम करते.

तुझा एकच फोटो आहे आमच्याकडे, त्यातही तू नाहीस. माझ्या लग्नात तालुक्याहून फोटोवाला आला, सगळे ओळीत उभे राहिले आणि तू ऐन वेळी भिंतीकडे तोंड केलंस. "फोटो काडलो काय आयुष्य कमी होता," म्हणालीस. मी बोहल्यावरून हाक मारतेय, आणि तू पदर आणखी पुढे ओढतेस. त्याआधीही तसंच. घासलेल्या तांब्याच्या हंड्यात मी माझं तोंड बघत बसले होते, तर चुलीपाशी बसून तू ओरडलीस, "थोबाड कशाक बघतस? भात करपता थंय!" चेहरा बघणं म्हणजे तुझ्या लेखी रिकामटेकड्यांचं काम. पण फोटो न काढताही तू पुढच्या शिमग्याआधी गेलीस. मग ते वाचवलेलं आयुष्य ठेवलंस तरी कुठे? आता तुझा चेहरा आठवायला गेले की आधी पदर येतो. त्याच्या आत काही दिसत नाही.

गेल्या महिन्यात आणखी एक लेन्स आली. ही अगदी जवळचं बघायची, मुंगीचे पाय दिसतात म्हणे. किंमत ऐकून मी कपाळाला हात लावला. मग जरा वेळाने लग्नाचा फोटो पेटीतून काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, एवढे मोजलेस, तर माझ्या आयेला जरा इकडे वळव. तिने खिडकीच्या उजेडात खूप खटाटोप केला. कॉम्प्युटरवर तुझं कोपर आलं, दोन बांगड्या आल्या, मनगटावरचं गोंदणसुद्धा आलं. मी म्हटलं, आता तोंड दाखव. "आजी, जे फोटोत आलंच नाही ते लेन्स कुठून आणणार गं?"

मग तीच चिडली. "तू काय वेगळं करतेस? कॅमेरा काढला की पदर तोंडावर. लांब जाते म्हणून मलाच टोमणे. उद्या मी पण तुझं कोपर मोठं करत बसू का?"

दुसरी कुणी असती तर दोन शब्द सुनावले असते. हिला माझीच जीभ आलीय.

म्हणून या रविवारी मी बसले. खिडकीत, डोक्यावरचा पदर मागे सारून, सरळ तिच्याकडे तोंड करून. तू रागावशील हे माहीत होतं. सकाळी बसले, दुपारची जेवणं झाल्यावर पुन्हा बसले. गोराईचे बगळे त्या दिवशी तिच्याविना उडाले. दर फोटोत माझे डोळे मिटलेले. "आजी, परत. आजी, हलू नको ना यार!" म्हणत ती जवळ येऊन माझी मान सरळ करायची, बट मागे सारायची. चार वाजता एकदाचे उघडे डोळे मिळाले. चेहरा चांगला आलाय. तुझ्यासारखा आहे का, ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं, असं ती विचारते. कुठेच नको, राहू दे तुझ्या मोबाईलमध्ये. फक्त एक सांगायचं राहिलं, आये. बटण दाबायच्या आधी ही पोर श्वास धरते. ते मला पहिल्या दोन फोटोंतच कळलं होतं. तिने श्वास धरला की मी मुद्दाम डोळे मिटायचे.

बोटं का थांबली गं तुझी? लिही.