करंजगडच्या राणीचं पत्र

६ ऑक्टोबर १९७१, बुधवार

आजपासून मला नोकरी! बिनपगारी. गिरीश इथे इंग्लंडात ज्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिथल्या त्याच्या वॉर्डमधून गेल्या महिन्यात घरी गेलेले पेशंट, मिस्टर हॅलम. वय चौऱ्याऐंशी. स्वातंत्र्याआधी आपल्याकडे पोलिटिकल एजंट होते, म्हणजे संस्थानिकांवर नजर ठेवणारे साहेब. आता आठवणी लिहितायत. जुने मराठी कागद वाचायला माणूस हवा होता. गिरीश मला न विचारता म्हणाला, "माय वाइफ विल डू इट."

"बसा, बाईसाहेब," हॅलम मराठीत म्हणाले. पुढचं सगळं इंग्लिशमध्ये. मुलगी डोरोथीने चहा दिला. बिस्किटं मऊ पडलेली.

१३ ऑक्टोबर

करंजगड. एवढंसं संस्थान. १९३६ साली राजा वारला, मूलबाळ नाही. राणीने दत्तक घ्यायचा, पण सरकारची मंजुरी हवी, आणि शिफारस करणारे हॅलम. गादीवर बसले राजाचे चुलतभाऊ, भैयासाहेब.

"राणीचीच तशी इच्छा होती. दिवाणांनी तिचं पत्र मला ट्रान्सलेट करून दिलं."

भैयासाहेब कसे होते, विचारलं.

"एक्सलंट बॅकहँड." म्हणजे टेनिसमध्ये.

मग त्यांनी राणीचं मूळ पत्र माझ्या हातात दिलं. ठसठशीत अक्षर. "आमच्या दिराचा मुलगा माधव यासच आम्ही दत्तक घेणार. भैयासाहेब आम्हांस मान्य नाहीत. आम्ही हयात असता आमच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलू नये."

दोनदा वाचलं. म्हटलं, चष्मा घरी राहिला, पुढच्या बुधवारी सांगते. चष्मा नाकावरच होता. त्यांनी पाहिला.

१४ ऑक्टोबर

गिरीश म्हणतो, सांगू नकोस, त्यांचं हार्ट वीक आहे. राणीचं काय मग? "सुप्रभा, ती कधीच मेली असेल." हो. म्हणूनच.

२० ऑक्टोबर

सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

हॅलम म्हणाले, "सो द दिवाण लाइड टु मी." आणि थोड्या वेळाने, "माधवला लिहायला हवं."

माधव तेव्हा नऊ वर्षांचा. आता सांगलीला शाळेत मास्तर. पत्ता हॅलमच्या डायरीत तयार! ते सांगत गेले, मी मराठीत लिहीत गेले. तुमच्या दिवाणांनी मला फसवलं, मी तुमची क्षमा मागतो. मी 'क्षमा'च्या आधी 'अंतःकरणपूर्वक' घातलं. ते त्यांनी म्हटलं नव्हतं. पण शोभलं.

एरोग्राम मीच पोस्टात टाकलं. येताना बसमध्ये रडले. आनंदाने, बहुधा.

१७ नोव्हेंबर

माधवरावांचं उत्तर आलं! माझ्याच पत्त्यावर. हॅलमना वाचून दाखवलं.

"काकीसाहेबांनी ऐन वेळी मला नाकारलं, असंच घरात सांगत. पस्तीस वर्षं मी त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. काल त्यांचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला."

इथे मी चष्मा काढून पुसला. डोरोथीने पाणी दिलं.

पुढे लिहिलंय — "दिवाणांचे चिरंजीव आमच्याच शाळेत आहेत. वीस वर्षांचा स्नेह. आपलं पत्र मी त्यांना सगळ्या मास्तरांसमोर वाचून दाखवलं. ते मान खाली घालून निघून गेले. आता आमचं बोलणं बंद आहे."

"पुअर फेलो," हॅलम म्हणाले. कोण, ते विचारायचं राहिलं.

२३ नोव्हेंबर

हॅलम गेले. झोपेत. गिरीशने फोनवर सांगितलं, मग विचारलं, आज भाजी काय?

२ डिसेंबर

सकाळी डोरोथी कागदांची पेटी देऊन गेली. "डॅड वॉन्टेड यू टु हॅव इट." तळाशी एक लिफाफा. आत राणीच्या पत्राचं इंग्लिश भाषांतर, खाली दिवाणांची सही. शब्द न् शब्द बरोबर. माझ्यापेक्षा चांगलं. कोपऱ्यात हॅलमच्या हातचं, "वाचलं", आणि तारीख — भैयासाहेबांना गादी देणाऱ्या हुकमाच्या बारा दिवस आधीची.

दोन एरोग्राम काढली. पहिलं दिवाणांच्या मुलाला.