सात फेज टूमध्ये

६ मे, सोमवार. निशी-कसाई, टोकियो.
गोल्डन वीकची सुट्टी संपली. आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला. १ जूनला येतायत. म्हणाले, नातीशी पोटभर गप्पा मारायच्यात. आली का पंचाईत! आमच्या कादंबरीला मराठी समजतं सगळं, पण तोंड उघडलं की जपानी. आप्पांनी विचारलं, मराठी अंक तरी येतात ना तिला? मी म्हटलं, येतात म्हणजे काय, गाऊन दाखवते! बायकोने, अपूर्वाने, माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

७ मे, मंगळवार.
संकल्प : एकदम कॅची गाणं करायचं. एकदा डोक्यात बसलं की जन्मात निघता कामा नये. अपूर्वाचं म्हणणं, रोज जिना चढताना तिच्याबरोबर पायऱ्या मोज, बास. आता हिला टेक्नॉलॉजी कोण समजावणार.

११ मे, शनिवार.
तोझाई लाइनच्या ट्रेनमध्ये उभ्याउभ्या चाल सुचली. झकास! एक दोन तीन चार, पाच सहा आठ नऊ, दहा दहा ढिंच्याक! सात बसत नाही. ओळीत चारच आकडे मावतात, आणि ढिंच्याक काढला तर गाण्यात राहिलं काय? सात फेज टूमध्ये घेऊ. ऑफिसात क्लायंटला आपण हेच सांगतो. क्लायंट सही करतो.

१२ मे, रविवार.
रेकॉर्डिंग. कादंबरीने जपानीत विचारलं, सहानंतरचा कुठे गेला? त्याला मराठीत काय म्हणतात? मी बीट लावत होतो, म्हटलं नंतर. परत विचारलं. म्हटलं, बाबा कामात आहे ना! मग विचारलं नाही. नुसती पाठीवर थोपटून गेली. गाणं आवडलेलं दिसतंय.

१६ मे, गुरुवार.
पहाटेचा गाण्याचा सराव आटोपून निघालो, तर लिफ्टमध्ये नोटीस. सकाळी सातच्या आधी वाद्यं व गायन यांबाबत सर्व रहिवाशांनी कृपया परस्परांची काळजी घ्यावी, वगैरे. कुणाचं नाव नाही. कोण असतील असली माणसं? इतरांचा जरा विचार नको करायला?

१९ मे, रविवार.
विजय! इथे पोरांना गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवतात आणि दहा मोजल्याशिवाय बाहेर येऊ देत नाहीत. कादंबरी रोज जपानीत मोजायची. आज आपण होऊन माझं गाणं! मातृभाषेची ओढ, दुसरं काय. अपूर्वा म्हणाली, एक आकडा कमी आहे म्हणून लवकर सुटका होते तिची. ही बाई कशातच आनंद मानत नाही.

१ जून, शनिवार.
आप्पा आले. एअरपोर्टवरून येताना कादंबरीने ट्रेनमध्येच गाणं म्हटलं, ढिंच्याकसकट. समोरच्या आजीबाईंनी डोळे मिटून घेतले. आप्पा चाळीस वर्षं पहिलीला शिकवत होते. म्हणाले, चाल छान आहे. मग हळूच विचारलं, सात? मी फेज टू समजावला. ते हं म्हणाले. पटलेलं दिसलं.

९ जून, रविवार.
फेज टू : सातचं स्वतंत्र गाणं. सात सात सात, धरा माझा हात. मी तोंड उघडायच्या आतच कादंबरीने दोन्ही कानांत बोटं घातली. थकली असेल. आप्पांचं आपलं जुन्या पद्धतीने चाललंय. दोघं मटार सोलतात, जिना चढ-उतार करतात, काहीतरी पुटपुटतात. मी गेलो की गप्प. असू दे, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा.

१६ जून, रविवार.
कादंबरीचा सातवा वाढदिवस. फुनाबोरीहून माझा मित्र रणजित सहकुटुंब आला होता. केक कापल्यावर मी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, सांग बरं मराठीत, किती वर्षांची झालीस? ती आप्पांकडे बघायला लागली. मग माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. आणि म्हणाली, आठ.
रणजित इतका हसला की क्रीम सांडलं. त्याच्या धाकट्याने ढिंच्याक म्हटलं. माझा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू. आप्पांसमोर तरी नको होतं हे. पाहुणे गेल्यावर आप्पांना म्हणालो, तुम्ही इतक्या लांबून आलात, आणि पोर एवढंसुद्धा शिकली नाही. आप्पा म्हणाले, उल्हासराव, जेवून घ्या.

१७ जून, सोमवार.
अपूर्वाने आज सांगितलं. सांगताना हसत होती, मग डोळे पुसत होती. कादंबरीला सात पहिल्याच आठवड्यात आला, आप्पांकडून, जिन्यावर. वीसपर्यंत येतं तिला. पण तिने आप्पांना बजावून ठेवलंय, मराठीत, अख्खं वाक्य : बाबाला सात येत नाही, त्याच्यासमोर म्हणायचं नाही, त्याला वाईट वाटतं.
अख्खं वाक्य मराठीत! हे माझ्या गाण्यामुळेच, असं लिहिणार होतो. राहू दे.
संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ती खाली उभी. लिफ्टकडे जाऊ दिलं नाही. माझं बोट धरलं आणि जिना चढायला लागली, पायरीला एक आकडा, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत. सहाच्या पायरीवर थांबली. घाई नाही, असं मानेनेच सांगितलं.
मी म्हटलं, सात.
तिने टाळ्या वाजवल्या, आणि तिथूनच वर आप्पांना ओरडून सांगितलं, की बाबाला आलं.