कपड्यांची वही

४ नोव्हेंबर

एकदाच्या पोचलो! तळ्याकाठी दोन खोल्यांचं घर, शेजारीच प्रयोगशाळा. आमची सहा वर्षांची भवानी, ठमी, आल्या आल्या पलंगावर नाचली. उद्यापासून मी माशांच्या पोटातलं प्लास्टिक मोजणार आणि पोरांना ते मोजायला शिकवणार. नवरा म्हणायचा, जगाचा कचरा उपसायचा ठेका तूच घेतलायस. आता तो त्याच्या घरी, आम्ही आमच्या; सगळे सुखी.

इथली एक पद्धत मजेशीर आहे. आल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कपड्यांचे धागे एका वहीत चिकटवायचे. आपल्याच अंगावरचे धागे उडून नमुन्यात पडतात. वहीशी जुळला तो धागा मोजणीतून वजा. मी ठमीच्या हिरव्या स्वेटरचाही चिकटवला. बहिणीने विणलाय, पण लोकर नकली, म्हणजे प्लास्टिकच. वही घेऊन आलेले प्रयोगशाळेचे काका हसले.

६ नोव्हेंबर

वर्ग छान झाला. पोरांना दाखवलं, द्रावणात माशाचं मांस विरघळतं, प्लास्टिक तेवढं मागे राहतं. हवेतले धागे पकडायला उघडी ठेवलेली कोरी बशी असते, तिच्यात तीन केशरी धागे मिळाले. वहीत जुळले, माझ्या आधीच्या मॅडमच्या स्वेटरशी. काका म्हणाले, दोन वर्षांपूर्वी त्या होडी घेऊन नमुने आणायला गेल्या, होडी तेवढी परत आली. मूलबाळ नव्हतं, दुसऱ्यांच्या पोरांत जीव अडकायचा. फार वाईट वाटलं. धागे नियमाप्रमाणे वजा केले.

९ नोव्हेंबर

बशीत केशरी एकवीस. खोली दोनदा पुसून घेतली होती. वजा केले.

दुपारी ठमी पायरीवर बसून कुणाशी तरी बोलत होती. विचारलं तर म्हणाली, ओल्या बाह्यांच्या मावशी आल्या होत्या, त्यांना फार थंडी वाजते. हिच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. पण पायरी ओली होती.

१२ नोव्हेंबर

मासा कालच पकडलेला, तळ्याच्या तळातला. पोटात हिरवे धागे. वहीशी तीनदा ताडून पाहिले. ठमीचेच. ती प्रयोगशाळेत कधी आलेली नाही, आणि पाण्यात तर—

घरी धावले. स्वेटरचं कोपर उसवलेलं. मावशींना थोडी लोकर हवी होती, मी दिली, म्हणाली.

ती बाई रोज बशीत येत होती आणि मी तिला वजा करत बसले.

१३, सकाळ

काकांना सांगितलं, उद्या निघतोय. ते म्हणाले, आजच निघा. पण आज गाडीच नाही. दार लावून ठमीला समोर बसवलंय. तिला विचारलं, मावशी काय म्हणतात? म्हणाली, त्या म्हणतात मला मावशी म्हणू नकोस. मग काय म्हणायचं, ते सांगत नाही.

दुपार

फक्त बॅग भरायला वळले. पाच मिनिटं. कडी आतून लागलेलीच आहे. खुर्ची रिकामी—

स्वेटर खुर्चीवर. ओला. कोपर विणून झालंय. केशरी.

पाय हलत नाहीत. हात तेवढा लिहितोय.

तळ्याकडून ठमीचा आवाज. खुशीत आहे. ओरडतेय, आई थांब ना, मी आले.

ठमे, मी इथे आहे. आई तर इथे—