घसरगुंडीचं गणित

मामा,

तुम्ही नको म्हणालात, तरी अकरावीला चित्रकलेच्या जोडीला उच्च गणित घेतलंच मी. "दोन्हीकडे पाय ठेवलास तर तोंडावर आपटशील," म्हणाला होतात. पहिल्या चाचणीत आपटलेसुद्धा. गणिताच्या बाई म्हणाल्या, "उच्च गणित सोड, सोपा पेपर घे." रडले, पण हटले नाही.

मग चित्रकलेच्या प्रकल्पात शाळेच्या बागेसाठी घसरगुंडी आखताना तिच्या वळणाचा उतार मांडायला बसले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गणित मला चक्क दिसायला लागलं!

आज ती घसरगुंडी उभी राहिली. ती बांधणाऱ्या इंजिनिअरनी विचारलं, "चित्र कुणाचं?"

"माझं."

"आणि आकडेमोड?"

"तीही माझीच!"

आता डिझाइनलाच जाणार. पत्र मात्र पाठवत नाही. हे ऐकताना तुमचा चेहरा मला समोर बसून बघायचाय.

तुमची हट्टी भाची