सातव्या मजल्याचं गाणं कोणाचं?

४ फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बोललेलं मला निम्मंच ऐकू येतं. उरलेलं तुझी मामी ओरडून सांगते आणि ते शेजारच्यांनाही कळतं, म्हणून पत्र. तरुणपणी ड्रमला खेटून गायल्याचं हे बक्षीस.

बातमी मोठी आहे. परवा लॉन्ड्रीत एका कोटाला इस्त्री करत होतो, तेवढ्यात तुमच्या रेडिओवर फर्माइशीच्या कार्यक्रमात आमच्या ज्वालामुखी बँडचं गाणं लागलं. आधी ढगांचा गडगडाट, मग कुजबुज, मग ड्रम आणि मग माझी किंकाळी. शब्द बघ:

गरुडा, सांग रे, लिफ्ट का बंद?
जिन्यात अंधार, पाऊल मंद!
हातात पिशव्या, छातीत आग,
सातव्या मजल्या, आता तरी जाग!

माझ्या अंगावर काटा आला आणि कोटाला भोक पडलं. हे गाणं आम्ही कधी केलं ते आठवत नाही, पण आमचंच, यात शंका नाही. सातवा मजला म्हणजे मुक्ती. बंद लिफ्ट म्हणजे समाज. असं हल्ली कोण लिहितं?

तसाच उठून गिटारवाल्याच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. तुला माहीत आहे, गाणी कोणी लिहिली यावरून आमचा बँड फुटला आणि तेव्हापासून समोरासमोर आलो तरी आम्ही दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जातो. पण त्यानंही गाणं ऐकलं होतं. काउंटरमागून बाहेर येऊन त्यानं मला मिठी मारली, दोघंही रडलो. मग बेकरीतून ड्रमवाल्याला उचललं. आता रोज संध्याकाळी लॉन्ड्रीत तालीम असते, पुढच्या महिनाअखेरीला सभागृहात कार्यक्रमही ठरलाय.

फक्त एक कुसळ आहे. गिटारवाला म्हणतो, ते गाणं त्यानं लिहिलं. लिहिलंय मी. तू रेडिओत नोकरीला आहेस, तेव्हा गाण्यावर नाव कोणाचं आहे ते बघून कळव, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

तुझ्या आईला सांग, तिच्या भावाला अजून आवाज आहे. लोभ वाढता ठेव, रेडिओही मोठा ठेव.

तुझा मामा


१० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार आनंद झाला. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा दार लावून.

नाव शोधतेय. इथे सगळा सावळा गोंधळ आहे, वेळ लागेल. पण मामा, नाव कळायलाच हवं का? तिघांनी मिळून लिहिलं म्हटलं तर काय बिघडतं? आई म्हणते, या वयात किंकाळ्या मारायच्या तर आधी घसा डॉक्टरला दाखव.

मामीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तो असाच राहू दे, काहीही झालं तरी.

तुझी टिटवी


१७ फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू वकिलासारखं लिहायला कधी लागलीस?

इथे प्रकरण हाताबाहेर चाललंय. आता ड्रमवालाही म्हणतो की गाणं त्याचं. पावाचे ट्रे डोक्यावर घेऊन सात मजले आपणच चढलो, तुम्ही दोघं कधी चढलात, असं विचारतो. काल गिटारवाल्यानं अ‍ॅम्प्लिफायरची वायर गुंडाळली. जाहिरातीवर गीतकार म्हणून त्याचं नाव नसेल तर तो आपला चष्म्यांकडे परत जाणार म्हणे.

खरं सांगू? पुन्हा पाट्या वाचत चालायची माझी इच्छा नाही. एवढी वर्षं फार मुकाट गेली, ते या दोन आठवड्यांत कळलं. तेव्हा जे नाव असेल ते लिही. त्याचं असलं तरी लिही, मी गिळीन.

मामी आशीर्वाद सांगते. लोभ आहेच, उत्तर मात्र नाही.

तुझा मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नाव माझं आहे.

ते गाणं मी आमच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहिलं. इमारतीची लिफ्ट बंद होती, दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि चढता चढता तुमची गाणी आठवली. गडगडाट, कुजबुज, गरुड, सगळं तुमचंच उचललं. किंकाळी आमच्या हिशेबनीसाची आहे. लोक खूप हसले, मग त्यांनी पुन्हा पुन्हा फर्माइश केली, ती तू ऐकलीस.

थट्टा केली, नाकारत नाही. पण मामा, लहानपणी तुझ्या रेकॉर्डी ऐकूनच मी किंचाळायला शिकले, म्हणून तर टिटवी झाले. मला ती गाणी मनापासून आवडतात. तुझं पत्र आल्यापासून मला हसू येत नाहीये. माझ्यावर हवा तेवढा रागाव, पण कार्यक्रम मोडू नकोस.

लोभ कमी झाला तर चालेल, संपू देऊ नकोस.

तुझी टिटवी


२७ फेब्रुवारी

चि. टिटवी हिस,
आशीर्वाद. (अनेक आहेत, पण आज मोजून.) वि. वि.

तुझं पत्र वाचून मामीच्या हातात दिलं. ती हसत हसत धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसली. तिला म्हणे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण आमचं ध्रुवपद इतकं सुटसुटीत कधीच नव्हतं. मी दुपारभर एकाच शर्टाला इस्त्री करत राहिलो. थट्टा केलीस याचा राग नव्हता. आमच्यासारखं तू आमच्यापेक्षा बरं लिहिलंस, ते झोंबलं.

संध्याकाळी दोघांना पत्र वाचून दाखवलं. ड्रमवाला खाली बघत बसला. गिटारवाल्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, परत काढून पुसला. मला वाटलं, संपलं. मग तो उठला आणि त्यानं अ‍ॅम्प्लिफायरची वायर पुन्हा लावली. म्हणाला, "हे आपलं एकच गाणं आहे की ज्यावरून आपल्याला भांडता येणार नाही."

त्या दिवशी आम्ही ते लागोपाठ म्हटलं, मामीनं दिवे बंद करेपर्यंत. जाहिरातीवर तुझं नाव वर आणि मोठं, आमची खाली आणि सारखी.

पण अडचण अशी की कार्यक्रमाला आणखी पाच गाणी हवीत आणि जुन्या प्रत्येक गाण्यावर वाद आहे. तेव्हा आमची आणखी पाच वेळा थट्टा कर, जरा लवकर कर.

लोभ होता तसाच आहे, आता तिघांचा आहे.

तुझा मामा